पेण-रोहा गाडीतले डोहाळे

लग्नाला वर्ष व्हायच्या आत आम्ही दोघं सोलापूरकडचं घर सोडून पेणला राहायला आलो. माझ्या नवऱ्याला डोलवीच्या कंपनीत एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियनचं काम मिळालं होतं. निघताना सासूबाईंनी शाळू ज्वारीचं अर्धं पोतं, शेंगांची चटणी आणि घरचा तवा बांधून दिला. वर म्हणाल्या, “तिकडं नुसता भात खातात म्हणं. तू भाकरी सोडू नको.”

भाकरी सोडायची माझी इच्छा नव्हतीच. पण पेणच्या गिरणीत सगळे तांदूळ दळायला आणत. मी ज्वारीचा डबा घेऊन रांगेत उभी राहिले की माझ्या मागच्या बायका डबा मागे सरकवायच्या, कारण ज्वारीनंतरचं पीठ काळपट यायचं. गिरणीवाला भला माणूस होता. “ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी येत जा,” एवढंच त्याने सांगितलं. मी शेवटी जाऊ लागले. पण खाडीच्या दमट हवेत पोत्यातल्या ज्वारीला वास लागला, भाकरी कडू होऊ लागली आणि एक दिवस नवराच म्हणाला, “आता भातच टाकत जा.” त्या रात्री आम्ही दोघांनी गुपचूप भात खाल्ला. पोट भरलं, तरी जेवल्यासारखं वाटलं नाही.

पुढे मला रोह्याच्या एका पतपेढीत कारकुनाची नोकरी लागली. पगार बेताचा, पण घरात बसून वेड लागायची वेळ आली होती, म्हणून मी आनंदाने गेले. आता रोजचा प्रवास आला. पेण, वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून रोहा. वडखळच्या नाक्यावर कंपनीचे ट्रेलर एकामागे एक उभे असायचे, तिथे एसटी कितीही वेळ अडकायची. डिझेलचा धूर खिडकीतून आत यायचा. पुढे खड्डे आणि मग खिंडीतली वळणं. माझ्या गावाकडचे रस्ते सरळ, माळावरून जाणारे. वळण कसं असतं हे माझ्या पोटाला ठाऊकच नव्हतं. पहिल्याच दिवशी मी खिंडीत उलटी केली, दुसऱ्या दिवशीही केली. मग मी सकाळी काही खायचंच बंद केलं. लिंबू हुंगत जायचं आणि रोह्याला उतरून दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढायचं, असा नेम झाला. माझी हाडं दिसू लागली.

अशाच एका सकाळी गाडीत फक्त मागच्या बाकावर जागा होती. तिथे खिडकीशी एक मध्यमवयीन बाई बसली होती, पायाशी झाकलेली टोपली. ती वडखळच्या पुढच्या खाडीकाठच्या एका गावातली; पहाटे पेणच्या बाजारातून सुकी मासळी भरून ती रोह्यात आणि शेजारच्या अष्टमी गावात दारोदार विकायची. कंडक्टर टोपलीवाल्या बायकांना मागेच बसवत. माझ्या माहेरी आणि सासरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्या टोपलीतल्या सुकटीचा वास आला आणि मला खिंडीपर्यंतही थांबता आलं नाही. बाईने चटकन खिडकी सोडून मला तिथे ढकललं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“कितवा गो बाय?” तिने विचारलं.

“तसं काही नाही ओ मावशी. मला गाडी लागते.”

“सकाली काय खाल्लंस?”

“काही नाही. खाल्लं की पडतं.”

“रिकाम्या पोटाला गाडी ज्यास्त लागते. कोरडं खायाचं.” तिने फडक्यातून तांदळाची भाकरी काढली, चतकोर मोडली आणि माझ्या हातावर ठेवली. माझा चेहरा बघून म्हणाली, “मासली नाय लागलेली तिला. वेगली बांधलेली हाय.”

मी ती कोरडी भाकरी चावत चावत खाल्ली. मऊ होती, किंचित खारट. भिसे खिंड आली आणि गेली. रोह्याला उतरले तेव्हा मला भूक लागली होती, आणि त्या रस्त्यावर हे पहिल्यांदाच होत होतं.

तेव्हापासून मी मावशीशेजारीच बसू लागले. पुढे जागा असली तरी मागे जायची. कंडक्टर हसायचा. वासाचं म्हणाल तर रुमाल नाकाशी धरायचा, एवढंच. मावशीलाही त्याचं काही वाटत नसे. मी तिच्याकडून तांदळाची उकड काढायला शिकले. पाणी उकळून त्यात पीठ टाकायचं आणि गरम असतानाच मळायचं, हे तिने मला गाडीत, हवेत हात मळून दाखवलं. घरी करून बघितलं तर पहिल्या भाकऱ्या फाटल्या. नवऱ्याने त्या वालाच्या बिरड्यात चुरून खाल्ल्या आणि पुन्हा मागितल्या. आमचं घर हळूहळू पेणचं होऊ लागलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला खरोखर दिवस गेले. मावशीला सांगावं लागलंच नाही. तिनेच माझ्याकडे बघून ओळखलं आणि त्या दिवसापासून खड्डा आला की ती तिचा हात माझ्यासमोर आडवा धरायची.

पण माझं खाणं पुरतं बंद झालं. शिजत्या भाताचा वास नको, फोडणी नको, दूध नको. पेणच्या डॉक्टरीणबाई वजन बघून रागावल्या. नवऱ्याने कुणाकुणाला सांगून सोलापूरहून ताजी ज्वारी मागवली. मोठ्या आशेने भाकरी थापली, तर दुसरा घास घशाखाली उतरला नाही. तो माझ्यासमोर तसाच बसून राहिला. एवढी लांबून आणलेली भाकरी, आणि मला ती बघवतही नव्हती.

आणि मग एका सकाळी गाडीत, मावशीने टोपलीवरचं फडकं नीट करायला उचललं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला आधी कळेचना हे काय होतंय. मी रुमाल नाकावरून काढला. तो खारट, उग्र वास छातीभर घेतला, आणि भूक खवळली. मी घाबरले. कुणाला बोलले नाही. रात्री झोपताना सुकट आठवायची, आणि मी ती कधी चाखलेलीही नव्हती.

शेवटी न राहवून मावशीला सांगितलं. मला वाटलं ती हसेल आणि लगेच मूठभर काढून देईल. तिने दोन्हींतलं काही केलं नाही.

“घरात इचारलंस?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग मी नाय देनार.”

“मावशी, डोहाळे आहेत हो.”

“हायेत ना. डोहाले पुरवायलाच होवेत. पन मी चोरून दिलं आन् उद्या तुज्या घरात वाद झाला, तर म्हंतील मासलीवालीनं बाटवली. तुज्या घरवाल्याला सांग. तो हो बोलला तर मी माज्या हातानं करून घालीन.”

मला तिचा राग आला. नंतर दिवसभर पतपेढीत बसून विचार करताना तो ओसरला. ती गेली कित्येक वर्षं त्या गाडीत मागच्या बाकावर बसवली जात होती. माणसं काय बोलतात हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला चहा दिला आणि एका दमात सांगून टाकलं. त्याने कप खाली ठेवला. कपाची कड बोटाने पुसत राहिला. नंतर म्हणाला, “दुसरं काहीच नको वाटतंय का? कैरी, चिंच?”

“नाही.”

“आईला कळलं तर ती पेणला पाऊल ठेवणार नाही.”

“मला माहीत आहे.”

तो उठून दारात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज नरम होता. “आपल्या भांड्यात नको. एवढं माझं ऐक. त्या मावशींच्या घरी जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर.”

रविवारी आम्ही वडखळला उतरलो आणि खाडीच्या बांधावरून तिच्या गावी गेलो. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि वाऱ्याला चिखलाचा वास. मावशीचं घर लहान होतं, अंगण सारवून ठेवलेलं. तिचा नवरा मिठागरात राबलेला माणूस, फार बोलायचा नाही. त्याने माझ्या नवऱ्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, कंपनीच्या शिफ्टचं विचारलं. मावशीने माझ्यासाठी केळीचं पान मांडलं. नवऱ्यासाठी दुसरं, थोडं लांब. “त्यांचं बिरडं वेगल्या चुलीवर केलंय,” तिने मला हळूच सांगितलं. “पातेलं शेजारनीचं, मालकरी हाय ती, मासली नाय शिवत.”

ते माझ्या नवऱ्याला ऐकू गेलंच. त्याने मान खाली घातली आणि तो जेवायला बसला.

मावशीने सुकट भाजून, कांदा, लाल तिखट आणि कोकम घालून परतली होती. तव्यावरची गरम भाकरी तिने पानावर ठेवली. पहिला घास मी अगदी छोटा घेतला. मग दुसरा मोठा. मी खात गेले. एक भाकरी संपली, मावशीने दुसरी टाकली, तीही संपली. कितीतरी दिवसांत मी असं जेवले नव्हते. मान वर केली तेव्हा नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला किळस आली असेल अशी मला भीती होती, पण त्याचे डोळे भरून आले होते. “पोटात राहतंय ना?” त्याने विचारलं. मी मान हलवली.

त्यानंतर मावशी अधूनमधून माझ्यासाठी छोटा डबा आणायची. रोह्याच्या स्टँडवर, बाकावर बसून मी तो खायची, डबा तिलाच परत द्यायची, चूळ भरायची आणि कामावर जायची. माझं वजन वाढलं.

सहावा महिना सरत आला असताना नागोठण्याच्या अलीकडे गाडी एका मोठ्या खड्ड्यात आदळली. मावशीचा हात आडवा होता, तरी ओटीपोटात कळ आली. थोड्या वेळाने अंगावरून जातंय असं वाटलं. मी मावशीचा दंड धरला. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि कंडक्टरला घंटी मारायला लावली. टोपली तिने गाडीतच सोडली; त्यात तिची आठवडाभराची मासळी होती. “रोह्याला उतरवून ठेव,” एवढं कंडक्टरला सांगून तिने मला नागोठण्यातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि सांगितलं, आता प्रवास बंद, पडून राहायचं.

पण पेणला पोचायचा रस्ताही तोच होता. मावशीने एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठलं, मला पुढे बसवलं आणि स्वतः माझं डोकं मांडीवर घेतलं. “खड्डा दिसला तर थांब,” ती त्याला म्हणाली. “हवं तर मी उतरून ढकलीन, पन आदलू नको.” तो बिचारा बैलगाडीसारखा टेम्पो हाकत होता. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. मी डोळे मिटून तिच्या लुगड्याचा वास घेत पडले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी घाट उतरायला-चढायला साफ मनाई केली. मग माझी आईच पेणला आली. तिच्या नाकाला सगळंच नवीन होतं. ती आल्यावर चार दिवसांनी मावशी घरी आली, पिशवीत मीठ आणि कोकम घेऊन. दारातच उभी राहिली.

“या कोण?” आईने विचारलं.

मी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. गाडी, भाकरी, टेम्पो आणि सुकटही. नवरा कामावर होता; त्याच्यादेखत आईला सुकटीचं सांगायचा मला धीर झाला नसता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मावशी परत निघायला वळली.

तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. “बसा की,” ती म्हणाली. “उन्हाचं आलाय.” आणि मावशी बसल्यावर, इकडेतिकडे बघून, “अजून खावंसं वाटतंय का हिला, ते?”

“तिलाच इचारा,” मावशी म्हणाली.

मी हो म्हणाले. “मग आणा बाई,” आई म्हणाली. “मागच्या अंगणात खाईल. जावयाला चालत असंल तर मी कोण अडवणार?” आणि पुढच्या खेपेला मी मागच्या अंगणात बसून खात असताना आई नाकाला पदर लावून, तोंड दुसरीकडे करून, पण माझ्या शेजारीच बसली होती.

मुलगी पेणलाच झाली, पूर्ण दिवसांची. बाळंतपणानंतर महिनाभराने मावशीने मोठ्या कौतुकाने डबा आणला, पण मला झाकण उघडवेना. जुनी मळमळ जशीच्या तशी परत आली होती. मला फार वाईट वाटलं. मावशीला मात्र नवल वाटलं नाही. “तुजं नव्हतंच ते,” ती म्हणाली आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

पतपेढीने माझी बदली पेणच्या शाखेत केली, त्यामुळे रोजचा रोहा सुटला. बारशाला सासूबाई आल्या. त्यांना आम्ही सुकटीचं कधीच सांगितलं नाही, आईनेही नाही. मावशी नवं लुगडं नेसून आली होती. या कोण, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, “या नसत्या तर आज बारसं नसतं.” सासूबाईंनी तिला पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. मावशी अवघडली होती, सारखी दाराकडे बघत होती. मग बाळ रडायला लागलं. आईने ते उचलून कुणाला न विचारता मावशीच्या मांडीवर दिलं, आणि स्वतः पाहुण्यांची पानं वाढायला गेली.