डोंगरकड्याचा थांबा

मसाजी हिंगोली-नांदेड सर्व्हिस मोटार चालवायचा. त्याची लेक गोजर डोंगरकड्याला दिली होती. दर सोमवारी मोटार तिथं थांबली की बापलेकीची घटकाभर भेट व्हायची.

एकोणीसशे शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सोमवारी डोंगरकड्याच्या अलीकडं, वारंगा फाट्यावरच मोटारीची बॅटरी उतरली. हँडल मारून हात भरून आले, तरी इंजिन लागेना. तासाभरानं ओळखीच्या करीमभाईंची लॉरी आली. ते घाईनं लॉरीच्या बॅटरीवरून मोटारीच्या बॅटरीला तारा जोडू लागले.

"दमानं, भाई," मसाजी म्हणाला. "धन टोकाला धन टोकच जोडा. शेवटची तार बॅटरीवर नको, लांब इंजिनच्या लोखंडाला लावा. ठिणगी पडली तर बॅटरी फुटंल."

"जल्दी तर तुलाच हाय ना?"

"व्हय, पोरगी वाट पाहून राहिली असंल. पण तिला पाहायला डोळे तर शाबूत पाह्यजेत."

इंजिन लागलं. डोंगरकड्याच्या थांब्यावर मात्र गोजर नव्हती.

"लई वेळ उभी व्हती," पाणपोईवाली भागाबाई म्हणाली. "सासूनं बोलावलं, गेली."

घर दोन गल्ल्यांवर होतं. पण इंजिन बंद केलं तर पुन्हा लागणार नव्हतं, आणि चालू मोटार सोडून जाता येत नव्हतं. मसाजीनं गल्लीकडं तोंड करून तीनदा भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. मग त्यानं मोटार हलवली.