तंबूबाईंची रांग

तंबूबाई वसतिगृहाच्या अंगणात आम्हाला तंबू ठोकायला शिकवू लागल्या, की रस्त्यावरच्या सायकली थांबत. तंबू म्हणजे जुन्या शतरंज्या, बांबू आणि सुंभ. बाई मूळच्या देगलूरच्या, लातूरला आमच्या कन्या वसतिगृहात रेक्टर. गळ्यात कायम शिट्टी.

लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पाऊस पुन्हा हुकला होता. टँकर आला की बाई शिट्टी वाजवत आणि आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहत असू. "जिनं रांग मोडली, तिची बादली शेवटी," हा त्यांचा कायदा. स्वतः त्या रोज शेवटीच उभ्या राहत.

त्याच वर्षी त्यांनी मुक्कामाची सहल जाहीर केली. नांदेडच्या वाटेवर एका तलावाकाठी नवी बाग झाली होती.

"प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही सहल काढून राहिल्या?" संस्थेच्या सचिवांनी विचारले.

"म्हणूनच काढून राहिले. या पोरींनी पाणी डोक्यावरच पाहिलंय. एकदा पायाखाली पाहू द्या."

सचिवांनी मान्यता दिली, पण अट घातली. टँकर बंद झाला, तर सहल रद्द आणि मुली आपापल्या गावी.

वसतिगृहाला उधाण आले. कोण कोणत्या तंबूत, यावरून भांडणे झाली. परवानगी उस्मानाबादची घ्यायची की लातूरची, हे कुणालाच सांगता येईना. लातूरच्या नव्या कचेरीत साहेबांचे टेबल आले होते, खुर्ची यायची होती. बाईंनी उभ्याउभ्याच सही घेतली. रोज संध्याकाळी त्या नांदेडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरला विचारत, "तळं हाय का?"

"हाय बाई. पण आटून राहिलं."

"बाई, रात्री कोल्हा आला तर?" धपाटे बांधताना शारदाने विचारले.

"येऊ दे. त्यालाबी रांगेत उभा करू."

टँकर टिकला. आम्ही निघालो. तलाव निम्मा उरला होता, तरी इतके पाणी आमच्यापैकी अनेकींनी एका जागी पाहिले नव्हते. सगळ्या उतरल्या का, हे पाहायला बाईंनी शिट्टी वाजवली. आम्ही डबे खाली ठेवले आणि काठावर रांग लावली.

बाईंच्या तोंडातून शिट्टी सुटली. "अगं माय, टँकर न्हाई हा! तळं हाय!"

कुणी हलले नाही. तेव्हा बाई रांगेला वळसा घालून पुढे गेल्या आणि चपलांसकट पाण्यात शिरल्या.

"बाईंनी रांग मोडली!" शारदा ओरडली. "बाईंची बादली शेवटी!"

मग काठावर कुणी उरले नाही. भिजलेल्या साड्या आणि परकर त्या रात्री तंबूंवरच वाळत होते.

महिना संपायच्या आत टँकर बंद झाला आणि आम्हाला आपापल्या गावी पाठवले. वसतिगृह पुन्हा उघडले, तेव्हा तिथे दुसऱ्या रेक्टर होत्या. बाईंना आम्ही शेवटचे पाहिले ते गावी निघताना, एसटी स्थानकावर. गाडीच्या दाराशी झुंबड होती आणि आम्ही पिशव्या घेऊन मागे, एकीमागे एक.

"इथंबी रांग लावून राहिल्या?" बाईंनी आमच्या पाठीवर हात ठेवून आम्हाला पुढे ढकलले. "तळं पाहून आल्या ना? चला, घुसा!"