पेट्रोलच्या वाटीतले बुडबुडे

माझं लग्न वेळेवर लागलं ह्याचं श्रेय आमच्या घरात तिघांनी घेतलं. बाबा म्हणायचे राखणदारानं लावलं, मामा म्हणायचा त्यानं मारलेल्या हँडलनं लावलं, आणि मी आजही म्हणते की एका ओल्या फेट्यानं लावलं. खरं माझंच आहे. पण त्या दिवशी मी नवरी होते, आणि नवरीचं कोण ऐकतं!

बाबा रत्नागिरीत नारळांचा व्यापार करायचे. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांतली एक जुनी पिकअप त्यांनी घरी आणली होती. पुढे तीन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. मूळचा हिरवा रंग झाकायला त्यांनी होडीला लावायचा निळा रंग फासला होता, त्यामुळे आमच्या गल्लीतले लोक तिला गाडी न म्हणता गलबत म्हणायचे. बाबांना त्याचा राग यायचा, आणि मला बाबांना राग आलेला पाहून हसू यायचं.

गाडीला खोड एकच. सकाळच्या गारव्यात आणि उतारावर ती अगदी गुणी. पण ऊन चढलं आणि समोर चढ आला की खोकायची, दोन गचके द्यायची आणि रस्त्यात मधोमध बंद पडायची. टाकीत पेट्रोल असायचं, बॅटरी ठणठणीत असायची, तरी इंजिनापर्यंत पेट्रोल पोचायचंच नाही. गावातल्या मिस्त्रींनी पंपाचा पडदा दोनदा बदलला, नळी फुंकून साफ केली, आणि शेवटी बाबांना लांबून पाहिलं की ते गॅरेजच्या मागच्या दारानं जायला लागले.

मग बाबांनी स्वतःच निदान केलं. प्रत्येक चढाला राखणदार असतो. राखणदार म्हणजे जागेचा न दिसणारा धनी. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी विहीर खणत नाही की जुनं झाड तोडत नाही. आणि बाबा तर त्याच्या चढावरून न विचारता धूर सोडत जात होते! तेव्हापासून गाडी बंद पडली की विधी सुरू व्हायचा. बंपरवर नारळ फोडायचा. त्याचं पाणी बॉनेट उघडून गाडीच्या काळजावर ओतायचं. काळीज म्हणजे पेट्रोलचा पंप, कारण तो आतून धडधडतो, असं बाबांचं मत. मग शकलं दगडावर ठेवून, हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, आणि गाडीतल्या सगळ्यांनी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटी इंजिन फिरवायला पुढून हँडल मारायचं.

आणि गाडी चालू व्हायची! सगळी पंचाईत तिथेच होती. एकदा जरी चालू झाली नसती तर बाबांनी दुसरा काही विचार केला असता. पण राखणदारानं त्यांना कधी दगा दिला नाही.

माझं लग्न ठरलं लांज्याला. नवऱ्यामुलाच्या आजोबांना प्रवास झेपत नव्हता म्हणून लग्न त्यांच्याच दारात व्हायचं होतं. मुहूर्त अकरा वाजून सतरा मिनिटांचा, वैशाखातला, त्या वर्षातला शेवटचा. भटजींना तिथून लगेच पुढच्या गावी दुसरं लग्न लावायचं होतं. वेळ चुकली असती तर मला तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तेवढे महिने सगळं गाव आमच्याकडे बघून हसलं असतं. मला थांबायचं नव्हतं. मुलगा मी एकदाच पाहिला होता, पण पोहे खाताना त्यानं मिरची बाजूला काढून हळूच खिशात घातली होती, आणि असा माणूस मला हवा होता.

व्याह्यांचं पत्र आलं, सगळी मंडळी यष्टीनं या, वेळेवर याल. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून नारळांच्या पोत्याखाली सरकवलं.

"माझी लेक माझ्या गाडीतनं जायल," ते म्हणाले.

आईनं खूप समजावलं. मग रात्रीची भाकरी वाढताना ती मला हळूच म्हणाली, "नेऊ दे गो त्यांना. नातवंडाचं तोंड दिसल्याबिगर ते लेकीच्या घरचं पाणी पिवचे नायत. ह्या फेरीनंतर कधी येतील देव जाणे."

ही रीत मला ठाऊक होती, पण ती माझ्या बाबांना लागू होईल हे डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर यष्टीचा विषय मी काढला नाही.

पहाटे निघालो. केबिनमध्ये बाबा, मी आणि आई. आईच्या मांडीवर ओटीचा नारळ. मागे हौद्यात मामा, माझी म्हातारी आत्या, पाण्याची कळशी, वाटेसाठी पाच नारळांची टोपली आणि लग्नासाठी नारळांचं वेगळं पोतं. मी पिवळ्या लुगड्यात, हातभर हिरवा चुडा, गुडघे गिअरच्या दांड्यापासून वाचवत बसलेली. हातखंब्यापर्यंत गाडी अशी पळाली की बाबा गाणं म्हणायला लागले. ते गाणं म्हणायला लागले की आई मनातल्या मनात जप सुरू करायची.

पहिला खोकला पालीच्या अलीकडे आला. बाबा शांतपणे उतरले, फेटा सारखा केला आणि नारळ फोडला.

"बा देवा म्हाराजा, ह्या वाटेच्या राखणदारा," त्यांनी सुरुवात केली, "आज लेकीला घेवन चाललाव. काय चुकला माकला आसंल ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"गाडीच्या आडवा काय आला आसंल ता बाजूला कर!"

"व्हय म्हाराजा!"

मामानं हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. पुढच्या चढाला पुन्हा तेच. त्यापुढच्या चढाला एक नारळ पुरला नाही, दोन लागले. ऊन वाढत होतं तसे राखणदार हावरट होत होते. "तापलेत आज," बाबा म्हणाले, आणि टोपली संपल्यावर आईशी नजर न मिळवता त्यांनी लग्नाच्या पोत्याची सुतळी सोडली. आत्याला डुलकी लागली होती. गाडीला नुसता धक्का बसला तरी ती मागून "व्हय म्हाराजा" म्हणायची. समोरून बैलगाडीवाला आला, त्यालाही म्हणाली. त्यानं बिचाऱ्यानं बैल थांबवून हात जोडले.

काजळी नदी ओलांडून आम्ही मोठ्या चढाला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. चढाच्या मध्यावर गाडीनं चार गचके दिले आणि ती थांबली. बाबांनी पोत्यात हात घातला. मग पोतं उलटं केलं. त्यातून थोडा काथ्या पडला.

सगळे आईच्या मांडीकडे बघायला लागले. आईनं ओटीचा नारळ पदराखाली घेतला.

"ह्याला हात लावलात," ती बाबांना म्हणाली, "तर मीच राखणदार होयन."

बाबा मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी त्यांना नारळाच्या भावावरून भांडताना पाहिलं होतं, पावसात भिजून आजारी पडलेलं पाहिलं होतं, पण असं हात टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. लग्न तर राहिलंच असतं, पण हा माणूस आयुष्यभर हा चढ विसरला नसता. मी लुगडं सावरत खाली उतरले.

"नवरीनं उतरू नये!" आत्या ओरडली. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बॉनेट उघडंच होतं. पंपाला एक छोटी काचेची वाटी असते, पेट्रोल त्यातून जातं. मी वाकून पाहिलं तर त्या वाटीत चहाच्या आधणासारखे बुडबुडे येत होते. पंपाला बोट लावलं आणि चटका बसला. अरे देवा, हे उकळतंय! उकळून सगळी वाफ, मग इंजिनात जाणार काय? आणि इतकी वर्षं बाबा राखणदाराच्या नावानं ह्याच पंपावर गार नारळपाणी ओतत होते. तोवर गाऱ्हाणं चालायचं, आणि तेवढ्यात पंप निवायचा. ताप आला की आई माझ्या कपाळावर पट्टी ठेवायची, त्यातलाच हा प्रकार.

मी मामाला म्हटलं, "कळशी आण."

"ता प्यायचा पाणी हाय!"

"आण म्हणते ना!"

कळशी आली. आता कापड हवं होतं. माझं लुगडं चालणार नव्हतं, आत्या तर पदर घट्ट धरूनच बसली. मी सरळ जाऊन बाबांच्या डोक्यावरचा नवा लाल फेटा उचलला, कळशीत बुडवला आणि पंपाभोवती गुंडाळला. चर्र आवाज झाला. बाबा उठून उभे राहिले.

"राखणदाराला फेटा?" ते घाबरून म्हणाले.

त्या क्षणी त्यांना खरं सांगता आलं असतं. पण त्यांचं टक्कल उन्हात चमकत होतं आणि चेहरा इतका केविलवाणा झाला होता की माझी जीभ वळली नाही. "मान दिला त्याला, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही गाऱ्हाणं घाला. जरा लांबड लावा."

त्यांनी लावली. चढाच्या राखणदारापासून सुरुवात करून डोंगराचा, नदीचा, पुलाचा, लांज्याच्या वेशीचा, एकेकाचं नाव घेतलं. मी फेट्यावर पाणी शिंपडत राहिले आणि वाटीवर नजर ठेवली. बुडबुडे कमी झाले, मग थांबले. मामाला खूण केली. तिसऱ्या हँडलला गाडी सुरू झाली.

मांडवात पोचलो तेव्हा भटजी बगलेत पिशवी मारून चपला शोधत होते. बाबांनी तोच ओला, ग्रीस लागलेला फेटा डोक्यावर चढवला आणि ताठ मानेनं व्याह्यांना भेटले. लग्न लागलं. अंतरपाटापलीकडून पेट्रोलचा वास येत होता म्हणून आपण घाबरलो होतो, असं नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. नारळ एकच होता, ओटीचा. बाकीचे कुठे गेले हे सासूबाईंनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आत्यानं तिचं नेहमीचंच उत्तर दिलं.

निघताना बाबा गाडीत बसले, खाली बघत गिअर टाकला आणि गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी मागच्या दारी जाऊन खूप रडले.

मग पौषातल्या एका सकाळी आमच्या फाटकासमोर ओळखीचा खोकला ऐकू आला. मी धावत बाहेर गेले. निळी गाडी रस्त्यात मधोमध उभी, आणि बाबा फाटकाबाहेरच्या दगडावर बसलेले.

"मालाची फेरी होती," ते म्हणाले. "बंद पडली. हितला राखणदार कडक दिसतोय."

सासूबाईंनी आत बोलावलं. ते म्हणाले, नको, गाडी सोडून कसा येऊ? मी कळशी आणि फडकं घेऊन आले. "गाडीला पाणी आणलंय," मी म्हटलं. त्यांनी आधी कळशीखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायले. ते गाडीचं पाणी होतं, लेकीच्या घरचं नव्हे, त्यामुळे चाललं.

मी बॉनेट उघडलं. हवा गार होती. आमच्या घरासमोर चढ नाही, उतार आहे. काचेच्या वाटीत पेट्रोल नितळ, स्वच्छ, एकही बुडबुडा नव्हता. मी वळून पाहिलं तर बाबा आंब्याच्या झाडाकडे लक्ष देऊन बघत होते.

"किती वेळ लागंल गो निवायला?" त्यांनी विचारलं.

"खूप तापलीय, बाबा," मी म्हटलं. "दोन तास तरी लागतील." आणि ओलं फडकं त्या गार पंपाभोवती घट्ट बांधलं.