रावसाहेबांचं पथ्य

डॉक्टरीणबाईंचे हात आधी गरम व्हायचे, मगच जनावराला लागायचे. टेबलावर मांजर आलं की बाई दोन्ही तळवे असे चोळत, जणू आता जादूचा प्रयोग सुरू होणार. मग बोटं अलगद पोटाखाली सरकत. मूत्राशय मऊ लागलं तर बाई निवांत. लिंबासारखं टणक लागलं, तर एकच वाक्य: "लघवी तुंबली आहे. ठेवून जा."

"अहो, पोट साफ होत नसेल," मालक म्हणे. "सकाळपासून नुसता कुंथतोय."

"निदान तुम्हीच केलंत, तर मी चहा प्यायला जाते," असं म्हणेपर्यंत बारीक नळी बाईंच्या हातात आलेली असे.

दवाखाना तळमजल्यावर आणि वरच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा. वहिनी गेल्यावर दादाची वाचाच बसली होती. खुर्चीत बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. अशात कुणीतरी दवाखान्याच्या दारात एक राखाडी बोका सोडून गेलं. बाईंनी तो उचलून वर नेला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला. बोका खोलीभर रुबाबात फिरला, कपाटावर चढला आणि दादाकडे पाठ करून बसला.

"हे कोण रावसाहेब?" दादा म्हणाला. दोन महिन्यांतलं ते त्याचं पहिलं वाक्य. बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

चार वर्षं दोघांचं गूळपीठ जमलं. मग एका सकाळी रावसाहेब लघवीसाठी वाळूच्या ट्रेमध्ये बसले ते उठेनात. बाईंनी हात चोळले, पोटाला लावले. लिंबू!

भूल दिली, नळी घातली, मार्ग धुऊन काढला. लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर उतरत्या छपरांची इवली इवली घरं काचेवर दाटीनं उभी. हे खड्यांचे स्फटिक. बाईंचा जीव भांड्यात पडला, कारण या जातीचे खडे पथ्यानं विरघळतात.

"ऐक दादा. हे डब्यातलं ओलं अन्न आणि भरपूर पाणी. बाकी एक कणही नाही."

"एक कणही नाही," दादा शाळकरी पोरासारखा म्हणाला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तुंबली. त्यानंतर महिन्याभरात तिसऱ्यांदा. आता दर वेळी मूत्रपिंडांवर ताण येत होता. आणखी एकदा तुंबली आणि कळायला उशीर झाला, तर बोका हातचा जाणार होता.

"दादा, दुसरं काही पोटात जात नाही ना रे?"

"तुझ्या गळ्याची शपथ, छोटे. माझ्यावरसुद्धा विश्वास नाही?"

दुसऱ्या कुणाचं घर असतं तर बाईंनी बोक्याचं ताट मागवलं असतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं असतं, कपाटंसुद्धा उघडायला लावली असती. मालकांच्या शपथा तीस वर्षं ऐकल्या होत्या त्यांनी. पण इथे त्यांनी संशय घेतला तो स्वतःच्या डोळ्यांवर. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही तेच उत्तर आलं. कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ती आता मोठी सर्जन.

"पथ्य नक्की पाळलं जातंय?" मैत्रिणीनं विचारलं.

"दादाच्या हातात आहे."

"मग पथ्य हरलं म्हणायचं. ऑपरेशन कर."

ऑपरेशन म्हणजे बोक्याचा अरुंद मार्ग कापून टाकायचा आणि मागे रुंद तोंड करून द्यायचं. खडे अडकत नाहीत, पण जंतूंना कायमचं दार उघडं राहतं. केलेलं परत फिरवता येत नाही. दोन दिवस बाईंची अन्नावर वासना राहिली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑपरेशन केलं.

टाके सुकले. महिन्यानं नमुना काचेवर घेतला, तर घरं जशीच्या तशी, उलट वस्ती वाढलेली.

त्याच दुपारी कोपऱ्यावरचा प्राण्यांच्या खाऊचा दुकानदार आपल्या कुत्रीला घेऊन आला. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग. बाई औषध लिहीत होत्या.

"आणि बाई, दादांना सांगा, त्यांचे मासळीच्या वासाचे दाणे आलेत. दर गुरुवारी नेतात ना, या खेपेला ट्रक उशिरा आला."

"किती दिवस नेतायत?" लिहिणं न थांबवता बाईंनी विचारलं.

"वर्ष तरी झालं असेल. का हो?"

बाई वर गेल्या. दादा खुर्चीत, रावसाहेब त्याच्या मांडीवर.

"दुकानदार आला होता," बाई म्हणाल्या. "दाणे आलेत म्हणे."

दादाचा हात बोक्याच्या पाठीवर थांबला. "चार-पाचच देतो गं. दाणे असले तरच मांडीवर येतो. नाहीतर ढुंकून बघत नाही."

"माझ्या गळ्याची शपथ घेतलीस तू."

"सांगणारच होतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तर अगदी ओठांवर आलं होतं. पण तू म्हणाली असतीस, आता हा तुझ्याकडे राहणार नाही."

"म्हणून मला कापू दिलंस?"

बाईंनी बोका उचलला. त्यानं जराही कुरकुर केली नाही. खाली दवाखान्यात येऊन त्यांनी खिडकीशी त्याचं अंथरूण घातलं आणि दाराला आतून कडी लावली.

दादा जिना उतरून आला. दाराबाहेरून म्हणाला, "छोटे, एकदा बघू तरी दे."

बाई खिडकीशी बोक्याजवळ जाऊन बसल्या. ऑपरेशनच्या दिवशी भुलीची सुई द्यायची होती तेव्हा बोका फार उसळत होता. बाईंची सुई दोनदा चुकली होती. तेव्हा दादा पुढे झाला होता, बोक्याचे पुढचे पाय धरून म्हणाला होता, "टोच तू, मी आहे." किती घट्ट धरले होते त्यानं! एवढासाही थरथरला नव्हता.