एक पार्किंग, दोन म्हाताऱ्या गाड्या

घरात एक जुनी गाडी असली की खर्च वाढतो, दोन असल्या की किस्से! आमच्याकडे दोन आहेत. आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, लांबलचक डिझेल 'महाराणी' आणि माझी छोटी पेट्रोल 'चिमणी'. चिमणी मी स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली, जीव आहे माझा तिच्यात.

कळव्याची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि कळलं, नव्या टॉवरमध्ये पार्किंग एकच! म्हणजे एक गाडी विकायची. कुठली, ते आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वास्तुपूजेच्या दिवशी सांगणार. आप्पा म्हणाले, "निकाल लागलेलाच आहे, सूनबाई." मी म्हटलं, "बघूच!"

*

भर मे महिन्यात आम्ही शीळफाट्याला अडकलेलो. महाराणीचा टेंपरेचरचा काटा चढायला लागला, तर आप्पांनी चक्क हीटर लावला. "इंजिनची गरमी बाहेर निघते," म्हणे. निघाली ना, सगळी आमच्या अंगावर! आई पदराने वारा घेत म्हणाल्या, "इंजिन वाचलं हो, माणसं शिजली!"

*

डोंबिवलीला माझ्या माहेरच्या गल्लीत महाराणी वळताना आडवी अडकली. पुढे भाजीची हातगाडी, मागे रिक्षावाला बोंबलतोय. मी चिमणी एका दमात वळवून लावली, वर जाऊन चहाही टाकला. आप्पा घामाघूम होऊन आले आणि सोफ्यावर बसत म्हणाले, "गल्लीच चुकीची बांधलीय!"

*

आता खोटं कशाला बोलू? कल्याणच्या हळदीला माझी पार फजिती झाली. चिमणीत एक मोठा टोप ठेवला आणि मागची सीट संपली. महाराणीने बाकीचे टोप, तांदळाची पोती आणि दोन मावश्या, सगळं पोटात घेतलं. आप्पा मिशीत हसत विचारतात, "चिमणी पण टाकू काय डिक्कीत?" असला राग आलेला मला!

*

मुंब्रा बायपासच्या चढावर जोर मिळावा म्हणून मी चिमणीचा एसी बंद केला, तरी आप्पा हॉर्न मारत पुढे गेले. वर चहाला थांबलो. निघताना महाराणी चालूच होईना! टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं धक्का मारायला लागली. आई ग्लास हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "चिमणीला मी एकटी ढकलते. हिला वरात लागते."

*

पूजेच्या सकाळी खाली उतरले तर चिमणी जागेवर नाही! तशीच धावत वर गेले. आईसुद्धा घरात नव्हत्या. "पुढे गेली असेल रिक्षाने," आप्पा म्हणाले आणि मला महाराणीत बसवून निघाले. म्हटलं, संपलं, ह्यांनी परस्पर विकली!

टॉवरच्या गेटमधून आत वळलो. आमच्या पार्किंगमध्ये चिमणी उभी. रिव्हर्स लावलेली, दोन्ही पट्ट्यांच्या बरोब्बर मधे. स्टिअरिंगवर आई, पैठणी नेसलेल्या, चपला बाजूच्या सीटवर काढून ठेवलेल्या.

"जिंकले!" मी चालत्या गाडीतूनच ओरडले.

आप्पांनी कचकन ब्रेक मारला. "अगं, तुला गाडी येते?"

"लग्नाआधीपासून. लायसन संपलेलं, ते परत काढलं."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?" आईंनी काच आणखी खाली घेतली. "महाराणी बाहेर लावा. आणि गिऱ्हाईक बघा तिला."

मी धावत जाऊन आईंना मिठी मारली आणि चावीसाठी हात पुढे केला. आईंनी चावी पर्समध्ये टाकली, चेन ओढली.

"तुला लागली की माग हं."