नुसते हुंकार

कॅनडातल्या रेजिनाच्या मराठी मंडळात कुणाला काहीही रेकॉर्ड करून हवं असलं की फोन मिलिंदला जायचा. पुण्याच्या गुरुजींनी झूमवरून सांगितलेला सत्यनारायण असो, नाहीतर कुणाच्या भाचीचं नागपुरातलं लग्न असो. "मिलिंददादा, तेवढं कॅप्चर करून ठेवा हं, आम्ही नंतर बघू." आणि मिलिंददादा ठेवायचे. लोक नंतर बघायचे का? छे हो. पण ठेवलंय म्हटल्यावर सगळे निवांत जेवायला बसायचे.

त्याचं पोटच त्यावर होतं. सरकारी खात्यात नवीन सॉफ्टवेअर आलं की कर्मचाऱ्यांना ते शिकवणारे व्हिडिओ तो करायचा. स्क्रीन रेकॉर्ड करायचा आणि त्यावर स्वतः बोलायचा: इथे क्लिक करा, आता तारीख निवडा, सेव्ह करा. काम अगदी चोख. पण एकदा रजेचा अर्ज कसा भरावा या व्हिडिओत मधेच टुंग करून मेसेज वाजला आणि तसाच सगळ्या खात्यात गेला. जो तो व्हिडिओ बघताना आपापला फोन चाचपायचा. ऑफिसात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मिलिंदला ते इतकं झोंबलं की त्याने त्याच दिवशी रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरचा आवाज घेणं कायमचं बंद करून टाकलं. आता कॉम्प्युटरमधून काय वाटेल ते वाजो, रेकॉर्डिंगमध्ये जाणार फक्त माइकमधला मिलिंदचा आवाज. मंडळाचे कार्यक्रम झूमच्या स्वतःच्या बटणाने रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे तिकडे कधी काही अडलं नाही.

आता ताईचं सांगायला हवं. मिलिंदची ताई नागपूरला. तिने जन्मभर बालवाडी चालवली. आई लवकर गेली, त्यामुळे मिलिंदला न्हाऊमाखू घालण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. झोपवायची म्हणजे गोष्ट सांगून. आणि तिचा एक नियम होता, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. वाक्य संपलं की "हूं". हुंकार आला की गोष्ट पुढे, हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजून ताई उठायची. मिलिंद लबाड. अर्धवट झोपेतसुद्धा हूं हूं करत राहायचा, ताईने उठू नये म्हणून. सकाळी विचारलं, "काय झालं रे शेवटी कोल्ह्याचं?" की साहेब ब्लँक!

त्याच ताईच्या घशात गाठ निघाली. आधी सगळ्यांना वाटलं, पोरांवर ओरडून ओरडून घसा बसला असेल. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. पुढेमागे यंत्र लावून थोडंफार बोलताही येईल, पण हा आवाज राहणार नाही.

ताई रडली नाही. तिची मुलगी कृतिका तेव्हा गरोदर होती, पुण्याला. ताईला एवढंच वाटलं, की येणाऱ्या बाळाला आजीची एक गोष्ट आजीच्या आवाजात मिळावी. तिने नवी कोरी गोष्ट रचायला घेतली. खूप लांब, रोज थोडी सांगायची, बालवाडीत सांगायची तशीच. कृतिका म्हणाली, "आई, मी येऊन फोनवर रेकॉर्ड करते ना."

यात मिलिंद पडला. "अगं, फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा ऐकू येतो! मी कशाला आहे? माझा धंदा आहे तो. ताई मला सांगेल, मी इकडे कॅप्चर करतो, एडिट करतो, फर्स्ट क्लास करून देतो."

ताईलाही ते पटलं. "मोबाइलले काय गोष्ट सांगायची, बाप्पा," ती म्हणाली. "तो थोडीच हुंकार देऊन राहिला. मिल्याले सांगतो मी." ऐन भावनेच्या भरात आली की ती अशी वऱ्हाडीत घुसायची. कृतिकाने आग्रह सोडला. मामाच्या हातात काम म्हणजे काळजी नाही, असं तिला वाटलं.

ऑपरेशनच्या आधीचे दहाबारा दिवस मिलिंद रोज सकाळी ऑफिसच्या आधी बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा. नागपुरात तेव्हा दिवेलागण झालेली असायची. ताई व्हॉट्सॲपवर यायची. त्या कॉलला रेकॉर्डिंगचं बटण नसतं, म्हणून मिलिंदने आपलं ऑफिसचं सॉफ्टवेअर लावलं. कानाला हेडफोन, समोर माइक. माइकची हिरवी पट्टी वरखाली होताना दिसली की समाधान. ती पट्टी त्याच्याच आवाजावर नाचत होती हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ऐकून बघायचंही कधी सुचलं नाही. फाइल सेव्ह झाली, साइज भरपूर दिसतेय, मग आणखी काय हवं?

आणि रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर ऐकायची घाई तरी कुणाला होती? ताई सांगायची, हा हूं हूं करायचा आणि एकीकडे मेल उघडायचा. त्या आठवड्यात बर्फाचं वादळ येणार होतं आणि गाडीला अजून विंटर टायर्स बसवायचे होते, तेही शोधायचे होते. नंतर शांतपणे ऐकू, एडिट करताना तर सगळं दहा वेळा ऐकावंच लागेल, असा त्याचा हिशेब. कृतिकाने एकदा फोनवर विचारलं, "मामा, गोष्ट कोणाची आहे रे? आई मला सांगतच नाही, म्हणते बाळाबरोबर ऐक." मिलिंद मोठ्या थाटात म्हणाला, "ऐकशीलच की! सरप्राइज आहे." खरं तर त्यालाच ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालं. ताई बोलायची थांबली. गळ्यापाशी श्वासाचं छिद्र, त्यावर पांढरी जाळी. ती फोनवर टाइप करायला शिकली, आणि बालवाडीतली पाटीही जवळ ठेवू लागली. कृतिकाला मुलगी झाली. बारशाची तारीख ठरली, तसा मामाला मेसेज आला: पाळण्यात घातल्यावर आधी आजीचा आवाज ऐकवायचाय, फाइल पाठव.

शनिवारी मिलिंद चहाचा मग घेऊन बेसमेंटमध्ये उतरला. पहिली फाइल लावली. ताईचा चेहरा आला, तोंड हललं. आवाज नाही. त्याने आवाज वाढवला. मग एकदम कानात स्वतःचाच आवाज आला.

"हूं."

मग शांतता. ताईचे ओठ हलतायत. "हूं." पुन्हा शांतता. "हूं... हूं." मधे कीबोर्डची टकटक.

त्याने दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. सेटिंग उघडलं. कॉम्प्युटरचा आवाज बंद. त्याने स्वतःच, त्या टुंगपायी, बंद केलेला. हेडफोन घातले होते, त्यामुळे ताईचा आवाज खोलीत आलाच नव्हता. आला असता तर माइकने निदान थोडा तरी पकडला असता.

त्याची बायको रश्मी कपडे वाळवायला खाली आली, तर हा डोक्याला हात लावून बसलेला. तिने विचारलं, त्याने सांगितलं. "अरे, पण तू एवढा एक्सपर्ट, काहीतरी रिकव्हर होत असेल की."

"जे घेतलंच नाही ते रिकव्हर काय करू, रश्मी?" तो ओरडला आणि मग रडायलाच लागला. रश्मीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोर स्क्रीनवर बघितलं. तिची नजर एका जागी थांबली तसं मिलिंदनेही नीट पाहिलं.

स्क्रीन रेकॉर्डर सगळा स्क्रीन घेतो. मेल दिसत होते. टायर्सच्या किमती दिसत होत्या. कुठल्याशा बॉसला लिहिलेलं "नो वरीज" दिसत होतं. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, टपाल तिकिटाएवढ्या खिडकीत ताई होती. पहिल्या दिवशी ती अर्धा स्क्रीन व्यापून होती. मग दर दिवशी त्याने तिला थोडं थोडं लहान केलं होतं.

शेवटच्या दिवसाच्या फाइलमध्ये ती बोलता बोलता थांबते. कॅमेऱ्याकडे बघते. काहीतरी म्हणते, छोटंसं. पदराने डोळे पुसते. आणि त्यावर मिलिंदचा आवाज येतो: "वा वा, मस्त!" त्या वेळी मोठ्या खिडकीत टायर्सची अपॉइंटमेंट कन्फर्म झाली होती. ताई क्षणभर तशीच बघत राहते, मग हसते आणि गोष्ट पुढे सांगू लागते.

मिलिंदने ती जागा कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिली. ती काय म्हणाली असेल? ओठांवरून काही कळेना. त्याला आठवेना, कारण त्याने ऐकलंच नव्हतं. स्वतःला त्याने काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगून टाकायचं सोडून त्याने कृतिकाला लिहिलं, ऑडिओ करप्ट झालाय, सॉरी. तिकडून आलं: "मामा, नुसता व्हिडिओ पाठव. आईला स्वतःचे ओठ बघून आठवेल, ती लिहून काढेल. औषधांनी तिच्या डोक्यातलं बरंच पुसल्यासारखं झालंय."

आता आली का पंचाईत! व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला तर सगळंच उघडं. पण मिलिंद आपल्या कामातला वस्ताद. त्याने मेल कापले, टायर्स कापले, आपले हुंकार पुसले आणि ताईची ती इवलीशी खिडकी ताणून अख्खा स्क्रीन भरला. एवढंसं चित्र एवढं ताणल्यावर काय होणार? ताईचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन झाले. ओठ कुठे आणि हनुवटी कुठे. तरी त्याने पाठवला.

बारशाच्या दिवशी कृतिकाने व्हिडिओ कॉल लावला. पाळणा सजलेला, बायकांची गडबड, घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन ताई खुर्चीत. बाळ तिच्या मांडीवर. मिलिंदने या वेळी दुसरं काही उघडलं नव्हतं. ताईने त्याच्याकडे बघून हात हलवला आणि आपला फोन घेऊन टाइप करायला लागली. मिलिंदच्या फोनवर मेसेज आला.

"व्हिडिओ पाहिला. काही दिसत नाही रे. मी इतकी धूसर काऊन?"

पुन्हा मेसेज आला.

"माझी खिडकी लहान ठेवली होती का?"

जन्मभर बालवाडीतल्या पोरांचा खोटेपणा पकडत आलेली बाई ती. तिच्यापुढे काय लपणार? मिलिंद म्हणाला, "हो ताई. लहान होती. मी मेल बघत होतो. आणि आवाज करप्ट नाही झाला, मी घेतलाच नव्हता. सेटिंग बंद होतं. माझीच चूक." एका दमात बोलला आणि मान खाली घातली. मागे कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती, तो मधेच बंद पडला. कृतिका त्याच्याकडे बघेना. ती उठून आत गेली.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मिलिंदला वाटलं. तिने बाळाला नीट आडवं घेतलं, त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि आठवेल तशी गोष्ट सांगायला लागली. ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, हाताची चोच होत होती, पंख होत होते. गळ्याच्या जाळीतून फक्त श्वास येत जात होता. बाळ टकमक बघत होतं.

आणि मिलिंदच्या तोंडून, सवयीने म्हणा, लाजेने म्हणा, बाहेर पडलं, "हूं."

ताईचे ओठ थांबले. तिने पाटी ओढली, खडूने लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरली. अक्षर बालवाडीसारखं मोठं, गोल.

हुंकार नको देऊस. कळलं नाही की विचार.

मिलिंदने डोळे पुसले. विचारायचं तर कुठून विचारायचं? अधलंमधलं विचारायलाही थोडंफार ठाऊक लागतं.

"ताई," तो म्हणाला, "गोष्ट कोणाची होती गं?"

ताईने बाळाला एका हाताने सावरत पाटी जवळ घेतली आणि तळव्याने हळूहळू पुसायला लागली.