स्वच्छ कापडावरचे लाल धागे

कारखान्यात त्यांना सगळे फौजदारबाई म्हणत. ते कौतुकानं म्हणत की वैतागून, हे म्हणणाऱ्याचा माल त्या दिवशी पास झाला की नापास, यावर ठरायचं. त्यांचं काम कापड तपासण्याचं. तिरक्या काचेच्या टेबलाखाली दिवे असतात, वरून कापडाचा तागा उलगडत खाली येतो आणि बाईनं डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, विणीतली फट, काहीही दिसलं की कापड थांबवायचं आणि त्या जागी काठाला लाल धागा बांधायचा. एका ताग्याला लाल धागे फार झाले की त्याची रवानगी दुय्यम मालात. फौजदारबाईंच्या नजरेतून दोष सुटल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मागावर काम करणारी माणसं त्यांना समोरून येताना पाहून रस्ता बदलत.

अशा बाईंच्या स्वतःच्या अंगात दोष निघाला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ना कुठे दुखलं, ना खुपलं. मुलगी मागे लागली म्हणून त्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेल्या, एवढंच. डॉक्टर बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. गर्भाशयाच्या मुखाशी काही पेशी बदललेल्या दिसतात, म्हणाल्या. हा कॅन्सर नाही. पण तशाच ठेवल्या तर पुढे होऊ शकतो, म्हणून तेवढा भाग काढून टाकू.

फौजदारबाईंनी ते निमूटपणे करून घेतलं. जागा बधिर केली होती, तारेच्या बारीक कडीनं काम झालं, त्या छताकडे बघत पडून राहिल्या. घरी येताना नवऱ्याला म्हणाल्या, "दात काढताना जास्त त्रास झाला होता." नवरा शाळेची बस चालवायचा, मुळात कमी बोलणारा. तो हसला आणि गिअर बदलला.

मग अहवाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे खराब काही मागे राहिलेलं नाही. सगळं ठीक आहे. आता सहा महिन्यांनी एकदा तपासू." मुलीनं आईला तिथेच मिठी मारली. नवऱ्यानं रुमालानं मान पुसली. आणि नेमक्या त्याच वेळी फौजदारबाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

लोकांना वाटतं, माणूस वाईट बातमीनं हादरतो. फौजदारबाई चांगल्या बातमीनं हादरल्या. तोवर काही ना काही करायचं तरी होतं. तपासणी, तारीख, गोळ्या. आता काहीच करायचं नव्हतं, नुसतं ठीक राहायचं होतं. आणि सहा महिने कोणी बघणार नव्हतं. एक दोष सापडलेला तागा त्यांनी सहा महिने सोडा, सहा मिनिटंसुद्धा न बघता ठेवला नसता.

डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की हा बहुधा शरीरसंबंधातून येणाऱ्या एका विषाणूचा उद्योग असतो. तो बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्यात कोणाचा दोष नसतो. फौजदारबाईंनी शेवटचं सोडून बाकी सगळं नीट ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्यावर अशी काही नजर रोखली, की तो बिचारा आपल्या शर्टाची बटणं चाचपू लागला. त्यानं काही केलेलं नव्हतं आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या रात्रीपासून त्या भिंतीकडे तोंड करून झोपू लागल्या.

दिवस सरकत होते तशी भीती कमी व्हायला हवी होती. उलट ती अंगाखांद्यावर खेळू लागली. पोटात जरा कळ आली की तोंडचं पाणी पळायचं. सुरुवातीला थोडा तपकिरी स्राव जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तो केव्हाच थांबलाही. पण बाई दर खेपेला न्हाणीघरात टॉर्च घेऊन जात आणि कपडा उलटसुलट करून बघत. एकदा तर त्यांनी कहर केला. घरच्या दिव्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून जेवणाच्या सुटीत, विभागात कोणी नाही असं पाहून, त्यांनी पिशवीतून स्वतःची चड्डी काढली, तपासणीच्या टेबलावर पसरली आणि खालचे दिवे लावले. कापडाच्या विणीत कसलीशी फिकट छटा होती. किंवा नव्हती. पावलं ऐकू आली तशी त्यांनी ती घाईघाईनं पिशवीत कोंबली आणि दिवसभर लाजेनं कोणाकडे वर मान करून पाहिलं नाही.

पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टर सुटीवर आहेत." धडधडीत खोटं. बघितलं की सापडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? न बघता आजचा दिवस तरी जात होता. नवऱ्यानं पुन्हा विचारलं तेव्हा डॉक्टर परगावी होत्या. मग त्यानं विचारणं सोडलं.

इकडे कारखान्यात मागावरच्या लोकांची ओरड सुरू झाली. फौजदारबाईंच्या टेबलावरून येणारा माल ताग्यामागून तागा दुय्यम ठरत होता. सुपरवायझर वयानं लहान, त्यांना मानणारा. त्यानं बरेच दिवस कानाडोळा केला, पण प्रकरण त्याच्या गळ्याशी आलं तेव्हा त्याला हलावंच लागलं. त्यानं बाईंनी नापास केलेला एक तागा उचलला आणि शेजारच्या टेबलावर चढवला.

ते टेबल रेडिओचं. रेडिओ म्हणजे बाईच, पण तोंड बंद ठेवणं ठाऊक नसलेली. तिच्या सासूच्या कवळीपासून जावयाच्या घोरण्यापर्यंत सगळ्या बातम्या विभागाला पाठ होत्या. त्या दिवशी ती गप्प होती.

कापड खाली आलं. पहिला लाल धागा.

"बाई, इथं काय आहे?" सुपरवायझरनं विचारलं.

फौजदारबाई वाकल्या. वीण सरळ होती. त्यांनी बोट फिरवलं, नख लावून पाहिलं.

"पुढचा बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या धाग्यापाशीही काही नव्हतं. त्यापुढच्याही. दिव्यावर कापड दुधासारखं स्वच्छ होतं आणि काठाला लाल धागे लोंबत होते. बाकीच्या बायका आपापली टेबलं सोडून बघायला आल्या होत्या. फौजदारबाईंनी एक धागा चिमटीत धरला. हे धागे त्यांच्याच हातचे होते, गाठ त्यांचीच होती. प्रत्येक गाठ बांधताना त्यांना दोष दिसला होता. मनात आला नव्हता, डोळ्यांना दिसला होता.

"इथं होतं," त्या म्हणाल्या.

"काय होतं?"

"काहीतरी होतं. मी पाहिलं."

सुपरवायझर खाली बघत म्हणाला, "बाई, तुम्ही चार दिवस घरी आराम करा. मी सांभाळतो इकडचं."

याच डोळ्यांवर त्यांची आजवरची भाकरी होती, आब होता, नाव होतं. त्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसल्या. मागून रेडिओ पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि दार लावून घेतलं.

"कुठलं ऑपरेशन झालं तुझं?" तिनं विचारलं.

"कोण म्हणालं ऑपरेशन?"

"मध्यंतरी महिनाभर तू एकही तागा उचलला नाहीस. दुसऱ्याला हाक मारायचीस. मलाही डॉक्टरांनी उचलू नको म्हणून सांगितलं होतं."

फौजदारबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुला? कशासाठी?"

"तुझं ज्यासाठी, त्यासाठीच असणार. खालचं." रेडिओनं ग्लास त्यांच्या हातात दिला. "चार वर्षं झाली. तीनदा तपासून आले त्यानंतर."

चार वर्षं. ही बाई हाताच्या अंतरावर उभी राहून कवळीच्या गोष्टी सांगत होती आणि कारखान्यातल्या सगळ्यात तिखट डोळ्यांना काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. फौजदारबाईंना सुपरवायझरसमोर बसला त्याहून मोठा धक्का इथं बसला. त्यांनी पाणी पिण्याचा प्रयत्न केला, ते हनुवटीवरून ओघळलं.

"जाते का गं भीती?" त्यांनी विचारलं.

"तपासणीच्या आधी येते. पाहुणीसारखी, अंथरूण-पांघरूण घेऊन. मग जाते. तू तपासून आलीस?"

फौजदारबाईंनी मान हलवली. नाही.

"तरीच," रेडिओ म्हणाली. "तुझी पाहुणी घरच करून राहिली आहे."

दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. रेडिओनं रजा टाकली होती. जायच्या आधी फौजदारबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की डॉक्टर कधीच कुठे गेल्या नव्हत्या. तो बूट घालत होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला, "मी दवाखान्यात फोन केला होता." आणि बूट घालून झाल्यावरही तो तसाच बसून राहिला. तो रडत होता हे त्यांना जरा उशिरा कळलं.

दवाखान्याच्या बाकावर नंबर यायला वेळ होता. फौजदारबाईंनी कालपासून गिळून ठेवलेला प्रश्न विचारला.

"तू सगळ्या जगाला सगळं सांगतेस. हे मला का नाही सांगितलंस? शेजारी होते मी."

"खरं सांगू?"

"सांग."

"तुझीच भीती वाटली." रेडिओ पहिल्यांदाच हळू बोलत होती. "एक डाग सापडला की तू पुढचं सगळं कापड संशयानं बघतेस. रोज बघते ना मी. तू माझ्याकडे तसं बघायला लागली असतीस तर मी काय केलं असतं?"

फौजदारबाई नाही म्हणणार होत्या, पण त्यांनी अगदी तसंच बघितलं असतं. नर्सनं नंबर पुकारला. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "तूही चल आत."

डॉक्टरांनी कागद पाहिले. उशीर झाल्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "काही त्रास?" त्यांनी विचारलं. "दुखणं, रक्त जाणं?"

"नाही," फौजदारबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. रेडिओ शेजारी उभी होती. "भीती वाटते. फार वाटते. नसलेलं दिसायला लागलंय मला."

"कधीपासून?"

"तुम्ही सगळं ठीक आहे म्हणालात," फौजदारबाई म्हणाल्या, "तेव्हापासून."